सहा क्लब, एक वर्ष: पदावरून उतरताना आढावा कसा घ्यायचा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रोटरीच्या सहायक प्रांतपालांचे ठरलेले फोन येतात. "मॅडम, प्रांताला वर्षाचा आढावा द्यायचाय. तुमचा जुना नमुना पाठवा ना, आकडे भरून टाकतो." नमुना मी पाठवत नाही. आकडे भरून जे तयार होतं ते पदग्रहणाच्या दिवशी माईकवरून वाचलं जातं, जेवण गार होतंय म्हणून निम्म्यावर थांबवलं जातं, आणि तुमच्यानंतर जो येणार त्याला त्यातून काही म्हणजे काही कळत नाही.

हे लिहितेय ते या सहायक प्रांतपालांसाठी, म्हणजे रोटरीच्या प्रांतातले (अनेक क्लबांच्या विभागातले) पाच-सहा क्लब ज्यांच्याकडे असतात त्यांच्यासाठी. लायन्समध्ये झोन चेअरपर्सन असाल तरी फार फरक पडत नाही. वर्ष दोन्हीकडे १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं, आणि पाच-सहा क्लब सांभाळताना होणाऱ्या चुकाही सारख्याच. त्यातली सगळ्यात मोठी चूक क्रमाची. लोक आधी लिहायला बसतात, अडलं की अध्यक्षांना फोन करतात, आणि जागेवर जाऊन बघायचं राहूनच जातं. मी स्वतः पहिल्या खेपेला हेच केलं होतं. क्रम बरोबर उलटा हवा: आधी बघणं, मग बोलणं, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी.

## तयारी: एप्रिलचा पहिला आठवडा

सुरुवात एप्रिलमध्ये. मे महिन्यात लग्नं, सुट्ट्या आणि ऊन. जूनमध्ये अध्यक्षांचं लक्ष पदग्रहणाच्या हॉलकडे आणि केटररकडे. एप्रिल हातचा गेला तर आढावा गेला असं समजा.

एक दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक क्लबला वीस पानं. शेवटची वीस स्वतःसाठी राखून ठेवा, ती कशाला लागतात ते पुढे येईल. वहीबरोबर हे जमवा:

- जुलैत प्रत्येक क्लबने भरलेली उद्दिष्टं. रोटरीच्या पोर्टलवर सहायक प्रांतपालाला आपल्या क्लबांची उद्दिष्टं दिसतात. ती छापून घ्या.
- तुमच्या भेटींच्या तारखा. अपेक्षा तिमाहीत किमान एका भेटीची आहे. किती झाल्या ते डायरीवरून काढा, आठवणीवरून नको.
- प्रत्येक क्लबच्या बोर्ड मीटिंगची इतिवृत्तं. सहापैकी दोन-तीन क्लबांकडे ती नसतील. नसणं हीसुद्धा नोंद आहे, लिहून ठेवा.
- व्हॉट्सअॅप ग्रुपमधला मजकूर, स्वतःला मेल करून. फोन बदलला की वर्ष पुसलं जातं.

सावधान: कार्यक्रमांच्या फोटोंवरून यादी करू नका. फोटोत बॅनर दिसतो, बॅनरमागे अकरा सभासद दिसतात आणि कोपऱ्यात ज्याला वस्तू दिली तो अर्धा कापला गेलेला दिसतो. ती वस्तू आज चालते का, हे फोटोत दिसत नाही.

## टप्पा १: जुलैत काय म्हटलं होतं ते आधी वाचा

हे काम एका संध्याकाळचं आहे, पण पहिलंच करायचं. वर्षभर जे घडलं ते आधी आठवलं की मन आपोआप उद्दिष्टंही तशीच होती असं ठरवून टाकतं. अकरा शिबिरं झाली म्हणून क्लब खूश असतो. जुलैत त्याने शिबिरांबद्दल चकार शब्द काढलेला नसतो, ठरवलं होतं ते तरुण सभासद वाढवायचं.

प्रत्येक क्लबच्या पहिल्या पानावर जुलैतली तीन ठळक उद्दिष्टं शाईने लिहा. त्याखाली अर्धं पान कोरं सोडा.

तपासा: उद्दिष्टं क्लबने भरली होती, की शेवटची तारीख उलटताना फोनवर विचारून तुम्हीच भरली होती? दुसरं असेल तर समासात "मी भरली" असं लिहा. माझ्या वहीत सहापैकी दोन क्लबांपुढे तसं लिहिलेलं आहे. ज्या उद्दिष्टाबद्दल क्लबला ठाऊकच नव्हतं, ते पूर्ण झालं नाही म्हणून क्लबला बोल कसा लावणार?

## टप्पा २: जागेवर जा, न कळवता आणि योग्य महिन्यात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचे टप्पे घाईत उरकले तरी चालतील एकवेळ, हा नाही.

प्रत्येक क्लबचे किमान तीन प्रकल्प निवडा: एक चालू वर्षातला, एक मागच्या वर्षातला, एक तीन वर्षांपूर्वीचा. तीन वर्षांपूर्वीचा मुद्दाम. यंदाची वस्तू यंदा चालतेच; क्लबची खरी सवय जुन्या वस्तूवर दिसते.

कोणती गोष्ट कधी बघायची यालाही महत्त्व आहे:

- शाळेतलं काहीही: वॉटर फिल्टर, ई-लर्निंग संच, स्वच्छतागृहं. शाळा भरत असताना, म्हणजे परीक्षा संपायच्या आत. मे महिन्यात कुलूप बघून याल.
- झाडं: मे महिन्याच्या शेवटी. जुलैत लावलेली रोपं दिवाळीपर्यंत हिरवीगारच दिसतात. उन्हाळा काढून जी उभी ती झाडं.
- वनराई बंधारा: पाऊस ओसरल्यावर वाहत्या ओढ्यात पोत्यांचा घातलेला बंधारा मे महिन्यात बघण्यात अर्थ नाही. तो जानेवारी-फेब्रुवारीत बघायचा, पाणी किती मागे तुंबलंय ते. ती वेळ गेली असेल तर काठावरच्या शेतकऱ्याला विचारा, रब्बीला एखादं पाणी जास्त मिळालं का.
- नेत्रतपासणी शिबिर: शिबिराच्या जागी नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात जा. तपासलेले किती, शस्त्रक्रियेला निवडलेले किती, प्रत्यक्ष आलेले किती आणि नंतरच्या तपासणीला परतलेले किती, हे चार आकडे मागा. चारही मिळाले तर ते शिबिर नीट झालं होतं असं समजायला हरकत नाही.

न कळवता जायचं कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी एका क्लबने जिल्हा परिषदेच्या शाळेत आरओ मशीन बसवलं होतं. माझ्या अधिकृत भेटीत ते मला दाखवलंही होतं. टाकी पुसलेली, नळाला झेंडूची माळ. एप्रिलमध्ये एकटीच गेले तर खोलीला कुलूप. मुख्याध्यापकांनी किल्ली शोधून दार उघडलं. आत खडूंची खोकी, मोडका बाक, आणि त्यामागे मशीन, प्लग काढून गुंडाळून वर ठेवलेला. "मॅडम, चालू आहे मशीन, बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "पण लाइट बिल कोण भरणार? आणि वाया जाणारं पाणी मैदानात येतं, पोरं घसरतात." प्लग लावला, तर सुरू झालं. खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) टाकीच्या पाण्यात धरला: ६८०. नळाच्या पाण्यात धरला: ६६०. मशीन घरघरत होतं, पण पाणी जसं येत होतं तसंच जात होतं. मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, बदलायला हवा होता, आणि बदलायचा असतो हे तिथे कुणाला सांगितलेलंच नव्हतं. दारावरची क्लबच्या नावाची पाटी मात्र स्टीलची. ती अजून वीस वर्षं टिकेल.

माळ घातली होती त्या दिवशी मी मीटर काढला नव्हता. ही नोंद माझ्या वीस पानांत पहिली आहे.

मीटर छोटा असतो, स्वस्त असतो, पर्समध्ये मावतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातली टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतूंबद्दल काही सांगत नाही, त्यामुळे त्यावरून "पाणी शुद्ध" असा शेरा मारू नका.

प्रत्येक जागी तीनच गोष्टी लिहा: आज चालू आहे का, बंद पडल्यावर कुणाला फोन करायचा हे तिथल्या माणसाला माहीत आहे का, आणि रोजचा खर्च कोण उचलतं. बाकी वर्णन नको.

नेहमीची चूक: अध्यक्षांना गाडीत बरोबर घेणं. मग शाळेत चहा होतो, शाल-श्रीफळ होतं, मुलं स्वागतगीत म्हणतात, आणि मशीनपर्यंत कुणी पोहोचत नाही.

## टप्पा ३: आकडे चाळून घ्या

सभासदसंख्येचे तीन आकडे लागतात: १ जुलैला किती होते, मध्ये किती आले, किती गेले. नुसती "वाढ" लिहू नका. वीस आले आणि अठरा गेले तरी वाढ दोनच दिसते, आणि त्या अठरांबद्दल कुणी बोलत नाही. मग चौथा आकडा, जो कुठल्याच फॉर्मवर नसतो: नव्यांपैकी तीनपेक्षा जास्त सभांना आलेले किती? मार्चमध्ये भरलेले आणि जूनमध्ये गळालेले सभासद इथेच सापडतात.

नावापुरते उरलेले सभासद कमी करायचे तर ते ३० जूनच्या आत. रोटरी आंतरराष्ट्रीयचं सभासद वर्गणीचं बिल १ जुलै आणि १ जानेवारीच्या नोंदीवर निघतं. नाव राहिलं की पैसे लागले. असे पैसे बहुतेक वेळा अध्यक्ष स्वतःच्या खिशातून भरतात आणि कुणाला सांगत नाहीत. ३० जूनला राहून गेलेल्या नावांचे पैसे मात्र भरायला लागतात नव्या अध्यक्षाला, आणि वर्षाची पहिली कुरबुर तिथून सुरू होते.

लाभार्थ्यांच्या आकड्यात दुहेरी मोजणी हमखास असते. दोन क्लबांनी मिळून एका शाळेत ४०० मुलींची हिमोग्लोबिन तपासणी केली. दोघांनीही ४०० लिहिले. तुमच्या बेरजेत ८०० झाले. संयुक्त कार्यक्रम वेगळ्या पानावर काढा आणि एकदाच मोजा. रक्तदानातही तसंच. नोंदणी केलेले आणि प्रत्यक्ष रक्त दिलेले वेगळे असतात. रक्तपेढीने दिलेला पिशव्यांचा आकडा धरा.

तपासा: बेरीज प्रांताला आधी कळवलेल्या आकड्यापेक्षा कमी आली का? बहुधा येईल. कमी आलेलाच आकडा ठेवा आणि खाली कारण लिहा.

## टप्पा ४: अध्यक्षांशी एकेकट्याने बोला

जागा बघून झाल्याशिवाय हे करू नका. रिकाम्या हाताने गेलात तर ते सांगतील तेवढंच ऐकून याल.

भेट त्यांच्या दुकानात, दवाखान्यात, घरी. दुपारच्या मोकळ्या वेळेत. फेलोशिपच्या जेवणात नको, तिथे सगळेच सगळ्यांचं कौतुक करतात. एका दिवशी एकच भेट. तासभर धरा आणि पहिली वीस मिनिटं वही उघडू नका.

मला उपयोगी पडलेले प्रश्न असे:

- हेच वर्ष पुन्हा मिळालं तर कोणता कार्यक्रम आधी गाळाल?
- कोणत्या महिन्यात वाटलं की हे पद नकोच होतं?
- बोर्डातले कितीजण खरंच काम करत होते? नावं सांगू नका, आकडा सांगा.
- माझी कोणती भेट वाया गेली?

शेवटच्या प्रश्नाला सुरुवातीला "छे छे, मॅडम" असंच उत्तर येतं. गप्प बसून राहा. एका अध्यक्षांनी मिनिटभर पेन फिरवला आणि म्हणाले, "ऑक्टोबरची. तुम्ही आलात, दीड तास बोललात, आणि आमचं भांडण काय चाललंय ते विचारलंच नाही." खरं होतं. खात्याच्या सह्यांवरून अध्यक्ष-सेक्रेटरीचं तीन महिने बोलणं बंद होतं आणि मला ते मार्चमध्ये कळलं.

अध्यक्षांनंतर त्याच क्लबमधल्या आणखी दोघांशी बोला: सेक्रेटरी, आणि यंदा क्लब सोडून गेलेला एक सभासद. सोडून गेलेल्याला फोन करणं जड जातं. पण तो दहा मिनिटांत जे सांगतो, ते बोर्ड वर्षभर सांगत नाही.

सावधान: एका अध्यक्षाचं बोलणं दुसऱ्याला, उदाहरण म्हणूनसुद्धा, सांगू नका. तालुका लहान असतो.

## टप्पा ५: पैशाची बाजू

हिशेब तपासणं तुमचं काम नाही, ते ऑडिटरचं. तुम्ही बघायचं ते अर्धवट काय राहिलंय.

गोंधळाचं मूळ एकच. क्लबचं वर्ष जुलै ते जून, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे एका अध्यक्षाच्या कारकिर्दीवर दोन आर्थिक वर्षांची पानं येतात. मार्चअखेरचा ताळेबंद तयार आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, आणि एप्रिल, मे, जूनच्या पावत्या कुणाच्याच नसतात. नवा खजिनदार म्हणतो माझ्या आधीच्या, जुना म्हणतो पुढच्या ऑडिटला द्या. त्या तीन महिन्यांचा ३० जूनपर्यंतचा जमाखर्च वेगळा काढून दोन्ही खजिनदारांच्या सह्या घ्यायला सांगा. एका कागदाचं काम आहे.

मग एवढं विचारा:

1. क्लब चालवण्याचे पैसे आणि प्रकल्पांसाठी जमवलेले पैसे वेगळे ठेवलेत का? शाळेसाठी आलेल्या देणगीतून पदग्रहणाच्या हॉलचं भाडं गेलेलं मी पाहिलंय. परतही आलं, पण सप्टेंबरमध्ये.
2. बँकेत सह्या बदलायला ठराव, नव्या पदाधिकाऱ्यांचं पॅन, आधार आणि फोटो गेलेत का? जुलैत गेलात तर पहिला महिना चेकशिवाय जातो. ठराव जूनच्या बोर्ड मीटिंगमध्ये करून ठेवा.
3. ग्लोबल ग्रँट, म्हणजे रोटरी फाउंडेशनचं प्रकल्पासाठीचं अनुदान, चालू आहे का? चालू असेल तर बारा महिन्यांनी प्रगती अहवाल, आणि काम संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल. तो थकला तर फाउंडेशन पुढच्या ग्रँटचा अर्ज घेत नाही, म्हणजे एकाच्या आळसाची किंमत पुढचा अध्यक्ष मोजतो. मूळ बिलं कुणाच्या घरच्या कपाटात आहेत ते नावानिशी लिहा.
4. क्लबचा स्वतंत्र नोंदणीकृत ट्रस्ट आहे का? महाराष्ट्रात विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. पदग्रहणाबरोबर विश्वस्त बदलणारे क्लब हे हमखास विसरतात, आणि कागदोपत्री पाच-पाच वर्षांपूर्वीचे अध्यक्ष विश्वस्त म्हणून बसलेले असतात, त्यातले एखादे हयातही नसतात.

## टप्पा ६: ती शेवटची वीस पानं

इथे बरेचजण "वेळ कमी पडला" असं एक वाक्य लिहून मोकळे होतात. वेळ कुणालाच पुरत नाही, ते लिहून उपयोग नाही. त्याऐवजी भेटींच्या तारखा समोर घ्या आणि मोजा: कोणत्या क्लबला किती वेळा गेलात?

माझा हिशेब असा निघाला. घराजवळच्या दोन चांगल्या क्लबांना मिळून तेरा भेटी. सर्वात दूरच्या, सर्वात अडचणीतल्या क्लबला दोन. चांगल्या क्लबात मान मिळतो, कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि साडेनऊला घरी येता येतं. दूरच्या क्लबात आठजण असतात आणि त्यातले चार तक्रार करतात. गरज कुठे होती हे मला तेव्हाही कळत होतं. गेले मात्र जिथे बरं वाटत होतं तिथे.

असं तारखेसकट लिहा. प्रत्येक क्लबसाठी एक गोष्ट जी मी करायला हवी होती, आणि एक जी करायला नको होती. वर्षाचं ब्रीद, प्रांतपालांचं आवाहन, कोविडनंतरची परिस्थिती, यातलं काहीही इथे नको.

## टप्पा ७: आता लिहा, दोन वेगळे कागद

पहिला कागद उघडा: प्रांताला आणि सगळ्या क्लबांना जाणारा, दोन पानांत बसणारा. उद्दिष्ट, झालं काय, चाळलेले आकडे, चालू आणि बंद प्रकल्पांची यादी. बंद प्रकल्प गाळू नका. यादी जाहीर करायच्या आधी प्रत्येक अध्यक्षाला त्याच्या क्लबपुरती दाखवा. निम्म्या ठिकाणी तेवढ्यानेच आठवड्यात मेंब्रेन बदलला जातो.

दुसरा कागद फक्त पुढच्या सहायक प्रांतपालासाठी. तो हाताने लिहा किंवा समोर बसून सांगा. कुणाला दुपारी फोन केलेला चालत नाही, कोणते दोन माजी अध्यक्ष एका व्यासपीठावर नको, कोणत्या क्लबात खरा निर्णय अध्यक्षांचे वडील घेतात. हे व्हॉट्सअॅपवर पाठवलंत तर संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरेल.

भाषा पुढच्याला वाचता येईल ती ठेवा. प्रांत ३१७० मध्ये कोल्हापूर, गोवा आणि उत्तर कर्नाटकाचा काही भाग एकत्र येतात; तिथे मराठीतून लिहिलेली उत्तम टिपणं पुढच्या कन्नडभाषक माणसाच्या काय कामाची?

तपासा: पहिला कागद एकदा मोठ्याने वाचा. "यशस्वीरीत्या", "उत्स्फूर्त प्रतिसाद", "मोलाचं सहकार्य" हे शब्द खोडा. खोडल्यावर वाक्यात काहीच उरलं नाही, तर ते वाक्यही खोडा.

## टप्पा ८: हवाली करणं

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुढच्या सहायक प्रांतपालाला गाडीत घ्या आणि किमान दोन क्लबांत नेऊन आणा: एक सर्वात दूरचा, एक सर्वात अडलेला. ओळख तुम्ही करून द्या आणि मग बाहेर चहाला जा.

पोर्टलवरचं जे लागेल ते जूनमध्येच उतरवून द्या, कारण पदाबरोबर अधिकारही बदलतात. वहीच्या क्लबांच्या पानांची झेरॉक्स द्या, शेवटच्या वीस पानांची नको. त्यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

१ जुलैला सहाही ग्रुपवर नव्या माणसाला अॅडमिन करा, स्वतःचं अॅडमिनपद काढा, आणि दोन ओळींचा निरोप टाकून बाहेर पडा. लोक थांबवतील, "मॅडम, राहा ना ग्रुपवर, मार्गदर्शनाला." राहू नका. तुम्ही तिथे असाल तोवर अध्यक्षांचा पहिला फोन तुम्हालाच येणार. मला तो पहिल्या वर्षी २ जुलैला सकाळी सव्वासातला आला होता, पदग्रहणाच्या हॉलचा साउंडवाला आला नाही म्हणून.